काटा वर कोण ढकलून राहिलं?

किस्से कोणी जमवत नाही हो, ते आपोआप जमतात. घरात हरवलेल्या डब्यांची झाकणं जमतात ना, तसे! त्यातून मित्रमंडळीत एकाकडे गाडी असली आणि ती नखरेल असली, मग तर बोलायलाच नको.

आमचा वसंता अमरावतीचा तरुण वकील, माझ्यासारखाच. साठ सालाच्या आगेमागे त्यानं मायदेशी परत निघालेल्या एका साहेबाकडून लाल टू-सीटर स्पोर्ट्स कार घेतली. छप्पर कापडाचं, दारं गुडघ्याएवढी! वसंताची आई, आमच्या माई, गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "वसंता, बाकीची गाडी कवा येईल रे?"

*

गाडी आली आणि पाठोपाठ स्थळ आलं. अकोल्याच्या एका हेडमास्तरांची मुलगी, कुमुद. मुलगी पाहायला वसंता गाडीतून जाणार आणि शेजारी मी!

शुभकार्याला निघालं की माई गाडीची पूजा करायच्याच. चाकाखाली लिंबू, पुढे नारळ, आणि मागे डिकीवर पेट्रोलच्या टाकीचं गोल चकचकीत झाकण होतं, त्यावर शेंदराचं जाडजूड स्वस्तिक. "टिळ्यासाठीच केली हाय साहेबानं ही जागा!" असं त्यांचं ठाम मत.

बडनेऱ्यापर्यंत आम्ही वाऱ्यासारखे गेलो. मूर्तिजापूर मागे पडलं, ऊन चढलं आणि गाडीला उचक्या लागल्या. काळा धूर, पेट्रोलचा भपकारा, आणि ठप्प! बॉनेट उघडून पाहतो तर कार्बोरेटरमधून पेट्रोल ओसंडून राहिलेलं. शेवटी एका बैलगाडीवाल्याला गाठलं. त्यानं दोर बांधता बांधता विचारलं, "साहेब, याले रोज किती बैल लागते?"

मुलीच्या दारात आमची स्पोर्ट्स कार बैलांमागून पोचली! कुमुद खिडकीतून पाहत होती. ती तोंडाला पदर लावून जी हसली, त्या हसण्यावर वसंता कायमचा भाळला. परतीच्या अख्ख्या रस्त्यात तो एवढंच म्हणत होता, "पाह्यलं का, कशी हसली!"

*

गंमत अशी की घरी आणून, धुऊनपुसून ठेवली की गाडी एकदम शहाणी! कोर्टात जाते, अंजनगावला अशिलाकडे जाते, कुठ्ठं अडत नाही. आणि साखरपुड्याचं बोलायला दुसऱ्यांदा अकोल्याला निघालो, तर मूर्तिजापूरपुढे पुन्हा तोच धूर, तोच भपकारा! सवयीनं आधी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल आहे का पाहिलं, घटकाभर झाडाखाली बसलो, तर पुन्हा सुरू! चार मैलांवर पुन्हा बंद. मुहूर्त टळून गेल्यावर पोचलो.

आता मात्र माई बिथरल्या. "पोरीचा पायगुणच बरा नाही. अजून उंबरठ्यात आली नाही तं गाडीचे हे हाल! आणखी एकदा गाडी अडली तं सोयरीक मोडली म्हणून समजा!"

वसंताचं तोंड एवढंसं झालं. भर कोर्टात न्यायाधीशांपुढे तोंड चालवणारा गडी, पण माईंपुढे त्याचं एक चालत नसे. रात्री मला म्हणाला, "यार, दोष पोरीचा नाही, मशीनचा हाय. हे मले सिद्ध करून दाखवा लागते!"

*

पुरावा काढायला गाठले शंकरराव मिस्त्री. आधी जिनिंग फॅक्टरीत फिटर, मग स्वतःचं गॅरेज. आवाज असा की इंजिन घाबरून सुरू व्हावं. टाकीतलं पेट्रोल इंजिनात ढकलणाऱ्या पंपावर नाडी पाहिल्यासारखी दोन बोटं ठेवून म्हणाले, "पंप जास्त जोर मारून राहिला. याले प्रेशरचा काटा बसवा लागते!"

पहिला काटा त्यांनी जिनातून आणला. बॉयलरचा, पितळी, पुरणाच्या ताटाएवढा! गाडी सुरू केली, काटा ढिम्म हलेना. वाफेच्या लोंढ्यासाठी केलेला काटा, पेट्रोलच्या फुंकरीनं काय हलणार? शंकरराव तरी गरजले, "काटा बरोबर हाय, तुमची गाडी कमजोर हाय!"

दुसरा काटा मिलिटरीच्या भंगारातून मिळाला, लहानसा, छान. पंप आणि कार्बोरेटर यांच्यामधली नळी कापून शंकररावांनी तिथे तीन तोंडांचा सांधा टाकला, एका तोंडातून काट्याला नळी दिली आणि काटा काचेबाहेर बॉनेटवर बांधला. "आत नाही आणायचा. पेट्रोल मांडीवर सांडलं अन् वकीलसायबानं बिडी पेटवली तं मले फाशी!"

सांधा पाझरत होता. ओसरीवरून माई म्हणाल्या, "माह्या शेंदूर लावून पाहा ना." माईंचा शेंदूर जवसाच्या तेलात कालवलेला. शंकररावांनी तो बोटावर चोळला आणि खूश झाले. "वा, माई! जिनात वाफेचे सांधे आमी याच मसाल्यानं बंद करतो. वाळला की हवा जाईन तं शपथ!"

त्यांनी शेंदूर लावला, सांधा पक्का झाला, आणि आम्ही दोघं वकील शेजारी उभे राहून माना डोलवत होतो.

*

चाचणीला बडनेऱ्याला गेलो. काटा दोन-अडीचवर, जसा पाहिजे तसा! रेल्वे फाटकाशी थांबलो तर एक पागोटेवाले बुवा बॉनेटवर वाकले. "साहेब, तुमची घडी बंद हाय. मी आलो तवापासून अडीचच वाजून राहिले!"

*

तिसरी खेप! पूजा, नारळ, शेंदूर. माईंनी शेवटचं बजावलं, "आज अडली तं संपलं." शंकरराव मागे, घडी घातलेल्या कापडी छपरावर चढून बसले.

मूर्तिजापूरला काटा तीनवर. पुढे चार. ऊन असं की डांबर चिकटत होतं. बोरगावला सहा! वसंता घामानं निथळत म्हणाला, "गणपती बाप्पा, आज तरी रे!" अकोल्यात शिरलो तेव्हा काटा आठवर, गाडी खोकतेय, धूर ओकतेय, आणि हेडमास्तरांच्या बरोब्बर फाटकात तिनं मान टाकली!

वसंता स्टेअरिंगवर डोकं ठेवून बसला. शंकररावांनी उडी मारून बॉनेट उघडलं आणि किंचाळले, "अरे, इंजन बंद, पंप बंद, मंग काटा वर कोण ढकलून राहिलं?"

खरंच, काटा आठवरच! एवढ्यात कुमुद पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिनं शंकररावांना विचारलं, "काका, स्टोव्हची हवा चावीतून सोडता येते, टाकीतली हवा जाते कुठून?"

"झाकणाले बारीक भोक अस्ते, बाई."

ती गाडीच्या मागे गेली. झाकणावर वाळून कडक झालेलं शेंदराचं स्वस्तिक. ते पाहिलं आणि धावत आत गेली, ती स्टोव्हची पिन घेऊन आली. स्वस्तिकाच्या बरोबर मधोमध टोचली.

फुस्स्स!

आमच्या डोळ्यांदेखत काटा आठवरून सरळ खाली आला! भोक शेंदरानं बंद, उन्हानं तापलेली वाफ टाकीत कोंडलेली, तीच पेट्रोल पुढे ढकलत होती हो! शंकररावांनी दोन्ही हात जोडले. वसंता तर नाचायचाच बाकी होता. "चल, आत्ता जाऊन माईले सांगतो! पायगुण-बियगुण काही नाही, सारा शेंदराचा प्रताप!"

कुमुदनं पिन त्याच्या हातात ठेवली आणि खाली मान घालून म्हणाली, "त्यायले नका सांगू. त्यायनं हौसेनं लावला हाय."

*

गाडी फाटकात अडली होती, हेही आम्ही माईंना सांगितलं नाही. लग्न झालं. पुढच्या दसऱ्याला माईंनी शेंदराची वाटी घेतली, झाकणावर भलंमोठं स्वस्तिक काढलं आणि सुनेला म्हणाल्या, "तू पण नमस्कार कर." कुमुदवहिनी झाकणावर बराच वेळ वाकून राहिल्या. मग नवराबायको अकोल्याला गेले आणि दिवस मावळायच्या आत परतही आले, एकदाही न थांबता.

माई ओसरीवर आम्हाला चहा देत होत्या. शंकररावही होते. लाल गाडी दारात येताना पाहून माईंचा ऊर भरून आला.

"पाह्यलं? सून घरात आल्यापासून एकडाव अडली नाही! मी तं पहिलेपासून म्हणत होती, पायगुण पायगुण म्हणतेत थो हाच!"

शंकररावांना ठसका लागला. वहिनींनी त्यांच्यासाठी पाणी आणलं. वहिनींच्या अंबाड्यात, गजऱ्याशेजारी, स्टोव्हची पिन खोचलेली होती.