हॅमसाठी केलेला गुळांबा

माझ्या थोरल्या बहिणीच्या टोपात मी डुकराचं मांस शिजवलं, आणि तिने विचारलं तेव्हा नाही म्हणालो. शिजवणं दहा मिनिटांचं होतं. ते नाही म्हणणं मी पुढे पाच वर्षं चालवलं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी रोह्याला एका केमिकल कंपनीच्या गेस्ट हाऊसवर स्वयंपाकी होतो. बहीण दिली होती वडखळच्या पुढे, खाडीकाठच्या एका गावात. तिला मी बाय म्हणायचो. आई लवकर गेली, त्यामुळे मला वाढवलं तिनेच. मी पंधरा वर्षांचा असताना मला टायफॉईड झाला आणि डॉक्टरांनी फारशी आशा ठेवली नाही. तेव्हा बायने गावदेवीला नवस केला, हा उठला तर जन्मभर मासळी खाणार नाही. मी उठलो.

तिचा नवरा मिठागरावर कामाला. त्या घरात कोलीम नाही तर सुके बोंबील, काही ना काही रोज लागायचंच. बाय सगळ्यांसाठी ते रांधायची आणि स्वतःसाठी वेगळ्या टोपात डाळ किंवा भाजी टाकायची. जाड पितळेचा, आतून कल्हई केलेला टोप. त्याला मासळी-मटणाचा पळासुद्धा लागू द्यायची नाही. वैशाखात कैऱ्यांचा गुळांबा व्हायचा तोही त्यातच, आणि त्यातली एक बरणी दरवर्षी माझी असायची.

त्या वर्षी कंपनीत नवीन मशीन बसवायला एक परदेशी इंजिनियर आला होता. तीन महिने राहणार होता. मोठा अबोल माणूस, ताटातलं सगळं मुकाट्याने संपवायचा. त्यांच्या ईस्टरच्या सणाला मॅनेजरसाहेबांनी मुंबईहून हॅम मागवलं. डुकराची मांडी, खारवून तयार केलेली. ते ऐकून पाहुणा पहिल्यांदा खुलला. त्याच्या आईच्या हातचा, हॅमबरोबरचा फळांचा गोड रस्सा कसा असतो ते त्याने मला हातवारे करून सांगितलं. घट्ट हवा, चकाकता हवा, आंबटगोड हवा. अननस किंवा चेरी घालायची. रोह्याच्या बाजारात त्या दिवसांत अननस नव्हता आणि चेरी म्हणजे केकवरची लाल गोळी. कैऱ्या मात्र ढिगाने होत्या.

पहिला घाणा मी गेस्ट हाऊसच्या अ‍ॅल्युमिनियमच्या टोपात केला. कैरीच्या आंबटाने टोप काळवंडला, रसाला राखेसारखा रंग आला आणि जिभेवर धातूची चव राहिली. दुसऱ्या दिवशी मी बायकडे गेलो.

"तुझा टोप दे दोन दिवस. साहेबासाठी गुळांबा करायचाय."

"शिकलेला आचारी तू, आन् गुळांबा जमंना?" ती हसली. "गूळ आधी टाकला आसशील."

"भांडं वाईट होतं."

"नाचता येईना त्याचं आंगन वाकडं."

मग तिने मला समोर बसवून सगळं पुन्हा सांगितलं. कैरीच्या फोडी आधी थोड्या पाण्यात मऊ होऊ द्यायच्या, गूळ नंतर. घाई केली तर फोड दगडासारखी राहते. लवंग कुटून, वेलची शेवटी, आणि चिमूटभर मीठ, त्यांच्याच आगरातलं. टोप फडक्यात बांधता बांधता तिने विचारलं, "कशासंग खातो रं तुझा साहेब हा गुळांबा?"

"पावासंग," मी म्हणालो.

"मासळी नको लागू देऊ याला. तुझ्यापायी हाय तो."

मी हो म्हणालो, आणि तेव्हा मनापासून म्हणालो. मला त्यात फक्त रस्साच करायचा होता.

रस्सा सुरेख झाला. बायच्या पद्धतीने फोडी शिजवल्या, गूळ घातला, त्यात मोहरीची पूड आणि मिरी टाकली आणि फोडी घोटून टाकल्या. मधासारखा रंग आला. पाहुणा स्वयंपाकघरात आला, चमचा चाटला आणि डोळे मिटून उभा राहिला. मग त्याने हॅमच्या चकत्या दाखवल्या आणि टोपाकडे बोट केलं. त्याच्या घरी म्हणे चकत्या रश्शातच गरम करतात, म्हणजे रस त्यांना चिकटून राहतो. मी दुसरा टोप घेतला. तो पातळ होता, रस्सा लगेच तळाशी धरायला लागला. बाहेर मॅनेजरसाहेब आणि बाकीचे जेवायला बसले होते. पाहुणा माझ्याकडे बघत होता. मी चकत्या बायच्या टोपात सोडल्या.

त्या दिवशी माझं फार कौतुक झालं. मला ते आवडलं, हेही लिहायला हवं.

टोप मी चिंचेने घासला, राखेने घासला. वास गेला होता, तरी समाधान होईना म्हणून बाजारात नेऊन कल्हई करून घेतली. विस्तवातून गेलेलं भांडं शुद्धच, असं मी स्वतःला समजावलं. बायने टोप हातात घेतला, आत वाकून आपलं तोंड पाहिलं आणि शेजारणीला हाक मारली, "बघ गो, माझ्या भावानं कल्हई करून आणली." तेव्हा सांगायला हवं होतं. ती इतकी खूश होती की माझी जीभ उचलली नाही.

पुढे सहा महिने ती त्यातच आपलं रांधून जेवत होती.

भाऊबीजेला कंपनीची जीप अलिबागला निघाली होती. ड्रायव्हर ओळखीचा, त्याने मला थेट बायच्या दारात सोडलं आणि चहाला थांबला. चुलीवर तो टोप दिसला तसा तो म्हणाला, "हाच ना तो? बाय, तुमच्या टोपानं आमच्या साहेबाचं डुक्कर काय गोड केलं. मी दोनदा वाढून घेतलं."

त्याच्या मनात काही नव्हतं. बशीतला चहा संपवून तो गेला.

बायने पाठमोरीच चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "काय म्हनत व्हता रं तो?"

"त्याचं काय ऐकतेस. दुसरा टोप होता तो."

"याच्यात नाय ना शिजवलं?"

"नाय गो बाय. तुझी शपथ."

"मग बरं," ती म्हणाली. तिने मला ओवाळलं, पाटावर बसवून वाढलं. स्वतः जेवली नाही. भूक नाय म्हणाली. मी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून जेवलो.

पुढच्या वैशाखात माझी बरणी आली. झाकण उघडलं आणि मला कळलं. गुळांबा काळपट होता. एक फोड तोंडात टाकली, जिभेवर तीच धातूची चव. बायने तो अ‍ॅल्युमिनियमच्या टोपात केला होता. पितळेच्या टोपाला ती हात लावत नव्हती. तिने माझ्या शपथेवर विश्वास ठेवला नव्हता, आणि मला खोटं पाडलंही नव्हतं.

मी त्या वर्षी गेलो नाही. गेलो असतो तर बोलावं लागलं असतं. नंतर भाऊबीजेला जायचो, पाटावर बसायचो, दोघेही टोपाचं नाव काढत नव्हतो. तो माळ्यावर पालथा दिसायचा. दरवर्षी काळी बरणी येत राहिली. मी ती सगळी खायचो, एक फोडही टाकली नाही. त्याने काही फिटत नव्हतं.

पाचव्या वर्षी बरणी आली नाही. भाच्याचा निरोप आला, बायची एक बाजू गेलीय, बोलते पण थोडंच. मी पहिल्या एस.टी.ने वडखळला उतरलो आणि बांधावरून चालत गेलो.

ती खाटेवर होती. मला पाहून तिने चांगला हात उचलला. मी शेजारी बसलो.

"यंदा तुझी बरनी नाय झाली," ती हळूहळू म्हणाली. शब्द एका बाजूने निसटत होते.

"असू दे गो."

"काळीच पडायची. चव पन नसायची." थोडं थांबून म्हणाली, "खायचास?"

"सगळी खायचो."

"का काळी पडायची, आचारी तू, तुला ठावं हाय."

मी तिचा हात धरला. जो लुळा पडला होता तो. त्याला माझा स्पर्श कळत होता की नाही, मला माहीत नाही. मी म्हणालो, "बाय, त्या टोपात मी डुकराचं मांस शिजवलं. ड्रायव्हर खरं बोलला होता. तू माझ्यासाठी मासळी सोडलीस आणि मी तुझी खोटी शपथ घेतली. माझं चुकलं गो बाय. मला माफ कर."