दूधविनायकातला मुक्काम आणि क्लोरीनच्या खोलीतला भोंगा

बनारसला माणूस देवदर्शनाला जातो, असं आमच्या घरी सगळे धरून चालले होते. आईने गंगाजलासाठी तांब्याचा गडू माझ्या बॅगेत कोंबला होता. मी मात्र चालले होते एका तारेपायी.

नव्वदच्या दशकाची अखेर. मी पुण्यात कारखान्यांसाठी मोजमापाची उपकरणं पुरवणाऱ्या एका कंपनीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होते. तोवर पाण्याचा दाब, टाकीची पातळी, असं काहीही मोजायचं तर प्रत्येक उपकरणापासून कंट्रोल रूमपर्यंत तारांची वेगळी जोडी जायची. नवी पद्धत आली तेव्हा सगळी उपकरणं एकाच जोडीवर बसली आणि पाळीपाळीने बोलू लागली. ती नुसता आकडा सांगत नसत. आपली तब्येत ठीक आहे की नाही, हेही त्या आकड्याबरोबर कळवत. गोम एवढीच की ती एक जोडी बिघडली, तर सगळेच मुके.

बनारसबाहेरच्या एका जलशुद्धीकरण केंद्रात आम्ही असं जाळं बसवलं होतं आणि तिथून तक्रार आली होती. दिवसातून केव्हाही पडद्यावरचे सगळे आकडे गायब होतात, थोड्या वेळाने परत येतात. शिवाय क्लोरीनच्या खोलीतला, गॅस गळाला की वाजायचा भोंगा उगाच वाजतो. साहेब म्हणाले, "नीला, तू जा. दोष आपल्या उपकरणात नाही एवढं दाखवून दे, सही घे आणि ये. नाहीतर ते सगळं उपटून जुने काट्यांचे गेज लावतील." एकटीने केलेलं हे माझं पहिलंच काम. पुणे स्टेशनवर गाडी हलली तेव्हाच मी तारांचा नकाशा उघडून बसले होते.

जानेवारीत बनारसला जाणार असाल तर एक सांगते, कोणालाही पोचायची वेळ कळवू नका. जबलपूरपर्यंत गाडी शहाण्यासारखी धावली. पुढे अलाहाबादच्या अलीकडे धुक्यात जी उभी राहिली, ती राहिलीच. खिडकीतून शेजारचा रूळही दिसेना. अंगावर दोन स्वेटर, मांडीवर तपासणीच्या यंत्राची पेटी. तेवढ्यात डब्यात एक पोलीस आला. "इसमें क्या है?" मी उघडून दाखवली. तारा, चिमटे, छोटा पडदा. त्याने माझ्याकडे, पेटीकडे आणि परत माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने सांगितलं, "पानी की मशीन का डॉक्टरी सामान है." त्याला ते पटलं. नंतर मला वाटलं, मी काही फार खोटं बोलले नव्हते.

स्टेशनवर घ्यायला अनंतराव आले होते. ते त्या केंद्रातले केमिस्ट. कैक पिढ्या काशीत राहिलेलं त्यांचं मराठी घर दूधविनायक मोहल्ल्यात होतं. केंद्राजवळ एकट्या बाईने राहण्यासारखी जागा नव्हती, म्हणून त्यांनीच घरी उतरायचा आग्रह केला होता. सायकलरिक्षाने गोदौलियाच्या चौकापर्यंत आणि पुढे गल्ल्यांतून पायी. रिक्षेचं भाडं बसण्याआधी ठरवून घ्या आणि चाकांची सुटकेस नेऊ नका. त्या फरशांवर ती चालत नाही. वाटेत गल्ली अडवून एक भलामोठा सांड उभा होता. अनंतराव म्हणाले, "जरा संभालके हं, नीलाताई. हा काही करत नाही, पण हटतही नाही." बोलता बोलता ते खोकले आणि भिंतीला हात टेकून थोडे थांबले.

दारात सुधावहिनी होत्या, अनंतरावांची पत्नी. "आधी चाय घ्या, मग नहाना-धोना. बाप रे, हात किती ठंडे झालेत तुमचे!" त्यांनी समोर चूडा-मटर ठेवला. आपल्या पोह्यांचाच हा बनारसी भाऊ, पण तुपातला आणि हिरव्यागार मटारांनी भरलेला. हिवाळ्यात गेलात तर तो चुकवू नका. सकाळी गल्लीच्या तोंडाशी मातीच्या कुल्हडात मलइयो मिळतो. दुधाचा केशरी फेस, जिभेवर ठेवला की नाहीसा होतो. कचोरी, जिलेबी आणि हा मलइयो मिळून दहाच्या नोटेत पोट भरत असे.

अनंतराव आत गेल्यावर वहिनी माझ्याजवळ बसल्या. "तुम्ही इंजिनिअर आहात म्हणून विचारते. यांची खांसी ऐकली ना? कोहरा लागलाय म्हणतात. पण इतकी वर्षं कोहरा होताच की. आणि तो भोंगा होता ना गॅसच्या खोलीत, तो बंद करून टाकलाय म्हणे. बंद का केला?"

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. "उद्या बघते," एवढंच बोलले. रात्रभर नीट झोप लागली नाही.

केंद्राचे मुख्य अभियंता मिश्राजी, पन्नाशीचे, लोकरी टोपी घातलेले. त्यांनी आल्याआल्या सुनावलं, "मैडम, आपकी एक तार ने हमारी नाक में दम कर रखा है." भोंग्याचा फ्यूज त्यांनीच काढला होता. मी विचारलं तर जरा वरमून म्हणाले, "हर बार लोग भागते थे, हर बार कुछ नहीं निकलता था. आखिर में सब हँसने लगे. क्या करता?"

त्या दिवशी आकडे गायब झालेच नाहीत. हे तर त्याहून वाईट. दाखवायला दुखणं नाही आणि डॉक्टर पुण्याहून आलेला! मी यंत्राचे चिमटे तारेला लावून बसून राहिले. त्या यंत्रावर दोन गोष्टी दिसत: उपकरणांचा आवाज किती मोठा आणि मधली खरखर किती. आवाज उत्तम होता. खरखर थोडी जास्त होती, पण चालण्यासारखी.

संध्याकाळी वहिनींनी मला घाटावर नेलं. शिंदे घाटाशी ते पाण्यात कललेलं देऊळ आहे, थोडं पुढे भोसले घाटाची दगडी हवेली. धुक्यामुळे पैलतीर नव्हताच. नाव बांधून एक नावाडी शेकोटीपाशी बसला होता. इतक्या शांत जागी माझ्या डोक्यात मात्र ती खरखर चालूच होती. वहिनी पाण्याकडे बघत म्हणाल्या, "लोक इथे मरायला येतात, ताई. आम्ही जगायला राहिलोय."

दुसऱ्या दिवशी डोळ्यांदेखत पडदा कोरा झाला. मिश्राजींनी हात पसरले, "देखिए!" मी यंत्राकडे पाहिलं. खरखर आभाळाला भिडली होती. कारखान्यात आजारी उपकरण शोधायची पद्धत साधी आहे: तारेची एकेक फांदी सोडवत जायचं आणि कुठली सोडल्यावर बाकीचे बोलू लागतात ते पाहायचं. फिल्टरची फांदी सोडली, फरक नाही. पंपाची सोडली, नाही. क्लोरीनच्या खोलीकडची सोडली आणि पडद्यावर बाकीचे सगळे आकडे परत आले.

त्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर तारा जोडायचा डबा होता. झाकण उघडलं तर आतल्या तांब्यावर हिरवी बुरशी धरल्यासारखा थर आणि त्यातून ओल. बाहेरची खरखर अडवणारं तारेचं धातूचं कवच डब्याला चिकटलं होतं. मोठा पंप सुरू झाला की त्याची सगळी खरखर तिथून आमच्या तारेत शिरत होती. मी जोड कापले, नवे बसवले, डबा बदलला. यंत्रावरची रेघ शांत झाली. मिश्राजींनी स्वतः चहा मागवला.

एसटीडी बूथवरून साहेबांना फोन लावला. "शाब्बास! म्हणजे आपली उपकरणं ठीक. सही घे आणि परवाची गाडी पकड."

मी खूश व्हायला हवं होतं. पण परत येताना रिक्षात बसल्याबसल्या तो हिरवा थर डोळ्यांपुढे येऊ लागला. बंद डब्यातलं नवं कोरं तांबं इतक्यात असं खातंय कोण?

म्हणून सहीच्या दिवशी मी मिश्राजींना म्हटलं, निघण्याआधी भोंगा जेव्हा जेव्हा उगाच वाजला, तेव्हाचे आकडे पाहू. कॉम्प्युटरमध्ये ते साठवलेले होते. प्रत्येक आकड्याच्या शेजारी त्या उपकरणाने स्वतःच्या तब्येतीची खूण केलेली. मी एकेक प्रसंग काढत गेले. खोलीतल्या हवेतला क्लोरीन मोजणारं उपकरण प्रत्येक वेळी सांगत होतं: मी ठीक आहे. माझ्यावर विश्वास ठेवा.

मी पडद्यावरच्या त्या खुणेवर बोट ठेवलं.

मिश्राजी म्हणाले, "लेकिन वो तो लाइन की खराबी थी न?"

"लाइन बिगड़े तो आँकड़ा आता ही नहीं, मिश्राजी. यहाँ तो आया है. सही आया है."

ते काही बोलायच्या आत पडद्यावरचा क्लोरीनचा आकडा हलला. वर गेला. परत वर गेला. शेजारी तीच खूण: ठीक आहे. भोंगा अर्थातच गप्प होता.

"अंदर कौन है?" मी विचारलं.

मिश्राजींचा चेहरा उतरला. "अनंतराव. सिलिंडर की दूसरी लाइन चालू करने गए हैं."

मी धावले. कंट्रोल रूम आणि क्लोरीनच्या खोलीमधलं ते अंगण फार मोठं नसेल, पण मला ते संपेना. मागून मिश्राजी मास्क आणा म्हणून ओरडत होते. दाराशी पोचले तेव्हा तो वास नाकात घुसला. आत जायची माझी हिंमत झाली नाही, खरं सांगते. बाहेरूनच जीव खाऊन ओरडले, "अनंतराव, बाहेर या! आधी बाहेर या!"

आतून आवाज आला, "एक मिनट, वॉल्व्ह—" आणि पुढे नुसता खोकला. मग ते दिसले. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, एक हात तोंडावर. मी त्यांना दंडाला धरून वाऱ्याच्या उलट बाजूला ओढत नेलं. दोघं जण मास्क चढवून आत गेले आणि त्यांनी गॅस बंद केला.

मग मिश्राजी स्वतः मास्क घालून गेले. काठीला अमोनियात भिजवलेला बोळा बांधून तो पाइपावरून फिरवतात. जिथे क्लोरीन गळत असेल तिथे पांढरा धूर उठतो. दुसऱ्या लाइनच्या एका जोडापाशी, उघड्या दारातून आम्हा सगळ्यांना दिसेल असा, तो धूर उठला. पाइपात उरलासुरला गॅस होता, त्याचाच. ती लाइन चालू असली तरच जोड गळायचा. भोंगा वाजला की आधी लाइन बंद करायचे आणि मग तपासायचे, म्हणून कधीच काही सापडलं नव्हतं. तोच गॅस खोलीबाहेरच्या डब्यातलं तांबं खात होता. आमच्या जाळ्याला आजार त्या गळतीनेच लावला होता.

मिश्राजी बाहेर आले, टोपी काढली. मग त्यांनी फ्यूज आणायला सांगितला.

डॉक्टरांनी अनंतरावांना दोन दिवस ठेवून घेतलं. छाती साफ होईल म्हणाले, फक्त काही महिने त्या खोलीपासून लांब राहा. दवाखान्यात वहिनी माझ्याशी गोड बोलल्या, नवऱ्याशी मात्र अवाक्षर नाही. शेवटी तेच म्हणाले, "अगं, रागावलीस का?" तेव्हा त्या मराठी-हिंदी सगळं एक करून बरसल्या, "वास येत होता ना तुम्हाला? मग बोलले का नाही? कोहरा म्हणे कोहरा!"

"क्लोरीनच्या खोलीत वास येणारच, असं वाटायचं," अनंतराव पुटपुटले.

मी गाडी पुढे ढकलली. नवा जोड बसला आणि भोंग्याला त्याची स्वतःची वेगळी तार ओढून दिली, बाकी जाळ्यावर न विसंबणारी. एकाच जोडीचं कौतुक करत हिंडणाऱ्या मला हे मिश्राजींपुढे म्हणताना अवघड गेलं, पण म्हटलं: सगळंच एका तारेवर ठेवायचं नसतं.

पुण्यात साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "मग दोष कोणाचा लिहायचा?" मी घडलं तसं लिहून दिलं. त्यांनी ते वाचलं, बदललं नाही. एवढ्यावर मी समाधान मानलं.

प्रवासातलं काय उरलं म्हणाल तर मलइयोची चव, धुक्यातली नदी आणि त्या अंगणातली धाव. तेव्हापासून पडद्यावर खूण ठीक असली आणि माणसं म्हणाली "ते उगाच दाखवतं", की मी खुर्ची ओढून बसते.

आणि एक फोन. होळीच्या सुमारास ऑफिसात वहिनींचा एसटीडी कॉल आला. मी घाबरूनच उचलला.

"ताई, काल भोंगा वाजला हो!"

"काय झालं? अनंतराव?"

"हे ठीक आहेत. सगळे ठीक आहेत. खूब शोधलं, काहीच नाही निघालं. कुणीतरी सफाई करताना धक्का मारला म्हणे." त्या हसत होत्या. "पण ऐका ना, सगळेच्या सगळे बाहेर पळाले. मिश्राजी सगळ्यांत पुढे!"