तामर म्हणजे कमळ

"हळू बोल. तिले समजते."

मांजरीबद्दल कुणी वाकडं बोललं की आमचे काकाजी ओठांवर बोट ठेवून असं म्हणायचे. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, सुनेशी बोलताना शब्द सापडत नाहीत आणि जनावराशी तासभर गप्पा मारतात. आयुष्यभर जिनिंगमध्ये कापूस तोलला, बायको गेली, आता मुलाच्या घरात पुढच्या खोलीत राहायचे. आदिलाबादला आमच्या गल्लीत त्यांची भिंत माझ्या भिंतीला लागून. त्यातून मी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस. त्यामुळे ही हकीकत मला नको तितकी ठाऊक आहे.

हिवाळ्यात कुठूनशी एक मांजरी त्यांच्याकडे आली आणि राहिली. तिचं नाव गंगी. पुढे तिच्या कानामागचे केस गळले, पाठीवर गोल गोल चट्टे उठले. काकाजी तिला भाजीच्या थैलीत घालून दवाखान्यात घेऊन आले. तिथं सगळ्या म्हशी आणि बकऱ्या. तामसीकडचा एक शेतकरी हसला, "मांजरीले कोनी दवाखान्यात आनते का, बुवा?"

"काऊन? तिले आधार कार्ड मागतेत का?" काकाजी म्हणाले.

डॉक्टर तेलुगू. त्यांनी चट्टे पाहिले आणि म्हणाले, "तामर."

मी समजावलं, "काकाजी, नायटा हाय. मानसाले बी लागते. केस कापून मलम लावा, औषधाच्या पान्यानं धुवा, अंथरून रोज उन्हात टाका. बरी होईस्तोवर एकाच खोलीत ठेवा. आन घरात कोनाले खाज हाय का, इचारून घ्या."

"नायटा नको म्हनू पोरी, सुनेच्या कानावर जाईन. तामर मंजे तं कमळ ना?"

तेलुगूत कमळालाही तामरच म्हणतात. बाजारातल्या फुलवाल्यांमुळे त्यांना तेवढा एक अर्थ माहीत होता. "मंग झालं तं! आपल्या गंगीले कमळ उमटलं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा दवाखाना सुरू झाला. हातात प्लास्टिकच्या पिशव्या, गंगीच्या गळ्यात पुठ्ठ्याची गोल कॉलर, तिनं मलम चाटू नये म्हणून. औषधाच्या पाण्यात गंधक, त्याचा वास सडक्या अंड्यांचा. गल्ली बोंबलायची. काकाजी म्हणायचे, "नाक दाबा, पन नावं नका ठेवू." आणि काय झालं विचारलं की ऐटीत सांगायचे, "तामर."

मराठी शेजारी फसले. पण सून शिकली निर्मलच्या तेलुगू शाळेत! तिला दोन्ही अर्थ पाठ. एवढा हिशेबी माणूस, आणि घरातल्याच माणसाचा हिशेब चुकला. त्यातच तिच्या लेकराच्या दंडावर लाल कडं उमटलं आणि तिचा तोल सुटला.

"कमळ म्हने! माह्या लेकराले कमळ देऊन राह्यले तुमी?"

तिचं मी समजू शकते, आईचा जीव तो. काकाजींच्या मुलाचं मात्र मला अजून समजत नाही. गंगीला नवे केस येऊ लागले होते. काकाजी मलम आणायला माझ्याकडे दवाखान्यात आले, तेवढ्या वेळात त्यानं तिला पोत्यात घातलं आणि मोटारसायकलवरून भैंशाच्या एका जिनिंगपाशी टाकून आला.

"मारलं थोडंच बाबा? सोडून आलो. तिथं उंदीर लय हायेत."

मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं म्हणे. सोडलं तर काही नाही. काय सोयीचा धर्म आहे आपला!

काकाजी बसनं भैंशाला गेले. कापसाच्या गंज्यांमधून "गंगे, गंगे" करत फिरले. हमाल हसले असतील. रिकामी थैली घेऊन परत आले. मला म्हणाले, "मलम अर्धंच लागलं व पोरी तिले. आता कोन लावन?"

नंतर त्यांच्या मनगटावर कडं उठलं. मग त्यांचं ताट वेगळं, पेला वेगळा, आणि एक दिवस अंथरूण बाहेर ओसरीवर. मी धुणं वाळत घालत होते तेव्हा मुलानं सहज सांगितलं, "बाबाले मुधोळले ताईकडं सोडून आलो." बादली तिथंच आपटून मी घरात निघून गेले.

पावसाळा आला तरी लेकराचं कडं जाईना. उलट सुनेच्या मानेवरही उठलं. मुलगा माझ्या दारात आला. "ताई, ते मांजरीचं मलम हाय का?" त्यानं शर्ट वर केला. कमरेभर काळसर, जुनाट चट्टा.

"हे कवाचं?"

"हे जुनंच. मांगल्या बरसातीतलं. दुकानातून ट्यूब आनतो, दबते, मंग पुन्हा येते."

गंगी आली हिवाळ्यात. म्हणजे तिच्या आधीपासून हे घरात होतं. काकाजींनी तेव्हा विचारलंही होतं सगळ्यांना, कुणाला खाज आहे का. हा जेवता जेवता "नाई" म्हणाला होता.

"मानसाच्या डॉक्टरकडं जा," मी म्हटलं. "आन आधी मुधोळले फोन लाव."

"आता काय सांगाचं त्याइले? रमले ते तिथं."

मेल्याला मी मलम दिलंच नाही. मीच फोन लावला. काकाजींच्या मुलीनं उचलला. म्हणाली, मनगट केव्हाच बरं झालं, पण बाबा आपलं ताट आपणच वेगळं ठेवतात. मग काकाजींना दिला. मी सगळं सांगितलं, मोठ्यानं आणि स्पष्ट. "तुमचं नव्हतं काकाजी. गंगीचं बी नव्हतं. तुमच्या पोराचं होतं. आयकलं का?"



"आयकलं. त्याले काई बोलू नको, पोरी." मग घाईघाईनं म्हणाले, "ठेवतो आता. नात जवळ येऊन राह्यली. तिले लागन."