दहा लिटरची रेघ

बोरीवलीच्या आमच्या डायलिसिस केंद्रात अनुपमा घाडी द्रावण करत असते तेव्हा तिच्याशी कोणी बोलायचं नाही, हा तिचा नियम. एक पिशवी सोड्याची पावडर आणि शुद्ध पाणी, कॅनवर नेलपॉलिशने ओढलेल्या लाल रेघेपर्यंत. ती रेघ म्हणजे दहा लिटर. हेच द्रावण यंत्रात जाऊन आमचं रक्त धुतं. मी तिथलं जुनं गिऱ्हाईक. बाईचा राग कायम नाकावर, पण माझा जीव मी तिच्याच हवाली करतो.

तिचा बाप गिरणीकामगार, कणकवलीकडचा. हत्यारांची पूजा तिच्या रक्तातच. खंडेनवमीला तिने यंत्रं पुसली, कॅन घासूनपुसून लख्ख केले, हळदकुंकू वाहिलं. घासताना एका कॅनची रेघ गेली. तिने तो दुसऱ्या कॅनशेजारी ठेवला आणि त्याच उंचीवर नवी रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी दसरा. किडनीला सणाची सुट्टी नसते, त्यामुळे आम्ही सकाळीच हजर. कुंडलिककाकांना मात्र त्यांच्या बायकोने, सुगंधाने, अक्षरशः धरून आणलं. छातीत पाणी चढलेलं, वाक्य पुरं होत नव्हतं. त्यांना आधी घ्यायचं ठरलं. सुई टोचण्याआधीच यंत्र ओरडायला लागलं. द्रावण पातळ.

"सेटिंग वर घे ना, यार," तिचा सहकारी देवेश म्हणाला. "आकडा जुळेल. काकांची हालत बघ."

"आकडा जुळेल रे. यंत्रात जाणाऱ्या दुसऱ्या द्रावणातलं मीठ वाढवून जुळेल. सोडा कमी तो कमीच. काकांच्या रक्तात आधीच आंबट साठलंय, त्याला सोडाच लागतो."

"अगं बाय, लाव ना," सुगंधा रडकुंडीला आली. "माणूस जाईल माझा."

माझंही डोकं फिरलं. मी म्हटलं, "अनुपमा, शाळा नंतर घे. आधी मशीन लाव."

तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कॅन उचलून आमची वजनं करतात त्या काट्यावर ठेवला. रिकाम्या कॅनचं आणि पावडरीचं वजन वजा केलं. उरले बारा किलो.

"पाणी बारा लिटर झालंय," ती म्हणाली. "दहाची पावडर बारात. सहावा हिस्सा ताकद गेली."

मग तिची नजर रेघेवर गेली. दोन्ही कॅन शेजारी उभे होते. हा रुंद, तो अरुंद. उंची एक असली तरी पाणी सारखं कसं मावेल? तिचा चेहरा पांढराफटक पडला. चूक कुठे झाली ते मलाही कळलं.

तिने ते सगळं द्रावण मोरीत ओतलं. सुगंधाच्या तोंडून शिवी गेली. अनुपमाने डॉक्टरांना फोन लावला, काकांना ऑक्सिजन चढवला, मोजपात्राने एकेक लिटर मोजत नवं द्रावण करायला घेतलं. पावडर विरघळायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात काकांचे ओठ निळसर व्हायला लागले. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो. मला भयंकर भीती वाटत होती. तिची ढवळण्याची गती मात्र ना वाढली ना कमी झाली.

यंत्राचा दिवा हिरवा झाला. सुई गेली. छातीतलं पाणी उतरत गेलं तसे काका आडवे होऊनही सहज श्वास घ्यायला लागले.

निघायच्या आधी सुगंधाने पिशवीतून आपट्याची पानं काढली. "शिवी दिली ती मनात ठेवू नको. सोनं घे."

अनुपमाने हात मागे घेतला. "काकी, नको. कॅन मीच घासला होता. चुकीची रेघ मीच ओढली."

सुगंधाचा हात तसाच राहिला. काकांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"देवेश म्हणाला तसा आकडा जुळवला असतास, तर आम्हाला कळलं असतं?"

"नाही, काका."

"मग घे."

तिने दोन्ही हात पुढे केले. सुगंधाने त्यांत सोनं ठेवलं.