उभा ऊस मशीनला, लोळलेला मायला

मी पीएचडीसाठी निघाले त्या दिवशी मला निरोप द्यायला घरात कुणी नव्हतं. घरचे माझ्या आधीच निघाले होते. घर सोडण्यावर लिहिणारी मंडळी दारात उभी राहून डोळे पुसणाऱ्या आईचं वर्णन करतात, ते वाचून मला हसू येतं. माझी माय ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पिठाच्या गोणीवर बसली होती आणि डोळे मी पुसत होते. नांदूरघाटच्या आसपासच्या आमच्या गावांत हे दरवर्षीचंच. दिवाळी आली की अर्धं गाव ऊस तोडायला साखर कारखान्यांच्या मुलखात जातं. ट्रॉली हलली तेव्हा माय एवढंच म्हणाली, "बाई, माझं वाकायचं थांबंल आसं काय तरी शिक." मी दाराला कुलूप लावलं आणि फाट्यावर जाऊन एसटीची वाट बघत उभी राहिले.

तिचं वाकणं थांबत का नव्हतं, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. मुकादम टोळी जमवतो तेव्हा माणसं मोजत नाही, कोयते मोजतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. दोघांनी तोडायचं, बायकोनं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. एकट्या माणसाला कुणी विचारत नाही. मायचं मणक्याचं दुखणं अंबाजोगाईच्या दवाखान्यात दाखवलं, डॉक्टरांनी वाकू नका म्हणून बजावलं, तरी पुढच्या हंगामाला ती ट्रॉलीत होतीच. ती घरी बसली की माझे वडील, आबाही बसणार. माझ्या फेलोशिपमध्ये तिघांचं भागेल, असं मी सांगून पाहिलं. आबा म्हणाले, "लेकीचं खात वसरीवर बसू? गावात बोलाया तरी कोण ऱ्हातंय तवा?"

चेन्नईला उत्पादन अभियांत्रिकीत विषय निवडायची वेळ आली तेव्हा माझ्या बरोबरच्यांनी विमानाच्या इंजिनाचे सुटे भाग घेतले. मी ऊस तोडणाऱ्या हार्वेस्टरची पाती घेतली. जमिनीलगत फिरून ऊस बुडख्यातून कापणारी ही पाती माती-दगडाला घासून लवकर झिजतात आणि मशीन सारखी बंद ठेवावी लागते. पात्याच्या धारेवर लेझरनं कठीण मिश्रधातूचा थर चढवून ही झीज कमी करायची, हे माझं काम. गाईड खूश होते. हिचं या विषयाशी घरचं नातं आहे, असं ते पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे आणि पाहुणे माझ्याकडं प्रदर्शनातल्या वस्तूसारखे बघायचे. मी सांबार-भात गिळत, मायक्रोस्कोपला डोळा लावून वर्षं काढली. डोक्यात एकच होतं. मशीन नीट चालली की कोयते लागणार नाहीत, आणि मायला कुणी बोलावणारच नाही. इतकी शिकलेली बाई इतका सोपा विचार करू शकते.

पाती चालली. एका कंपनीनं ती उचलली, माझा पेपर छापून आला, गावात अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्यावर पुढाऱ्यांचे फोटो माझ्यापेक्षा मोठे होते. त्या हिवाळ्यात सुट्टी काढून मी गावी न जाता सरळ सांगलीकडं, माय-आबा ऊस तोडत होते त्या फडावर गेले, कारण गावी जाऊन कुलूपच बघायचं होतं. फडात मशीन सुरू होती, माझी पाती लावलेली. सरळ उभा ऊस भराभर आत ओढत चालली होती. क्षणभर छाती फुगली, खोटं कशाला सांगू.

माय-आबा सापडले ते रानाच्या खालच्या अंगाला. तिथं वाऱ्यापावसानं ऊस आडवा लोळून एकमेकांत गुंतला होता आणि खाली चिखल होता. तिथं मशीन जात नाही. पूर्वी दोन्ही तऱ्हेचा ऊस त्यांच्या वाट्याला यायचा, एखादा दिवस जिवावरचा तर पुढचे काही बरे. आता सगळेच दिवस जिवावरचे. उभ्या उसाला वाकून भागतं, लोळलेल्याला चिखलात पार बसून एकेक ऊस ओढून काढावा लागतो. माय उठायला गेली आणि निम्म्यातच थांबली. आबा म्हणाले, "उभा समदा तुझी मशीन नेतीय. आमाला ह्यो ठिवलाय." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र सगळ्यांचा राग आला, गाईडचा, कंपनीचा, मुकादमाचा आणि माझा. मजुरांचे श्रम कमी होतील, असं मी प्रबंधात लिहिलं होतं. परीक्षकांनी त्या वाक्याचं कौतुक केलं. ते अजून तसंच छापलेलं आहे.

आता मी डॉक्टर आहे आणि त्याच कंपनीत पुण्याला नोकरी करते. आईबाप फडावर असताना माझ्याबरोबर वसतिगृहात राहून शिकलेल्या मैत्रिणींनो, तुम्ही ग्रुपवर विचारता, घरी कधी जाणार? मी उत्तर देत नाही, त्याचं कारण शिष्टपणा नाही.

मध्यंतरी कंपनीनं माझ्याकडं नवीन काम दिलं. लोळलेला ऊस उचलून कापणारी मशीन करायची. मी फडावर फोन लावला आणि मायला सांगितलं. ती म्हणाली, "कर. लौकर कर, बाई. आता न्हाई बसवत चिखलात."

मी म्हणाले, आबांना दे. तिनं फोन त्यांच्यापुढं धरला असावा. त्यांचा आवाज लांबून आला, मायशीच बोलत होते. "इचार तिला, मंग म्या कुठं जाऊ?"

त्यांनी फोन घेतला नाही. घर कुठं, असं आता कुणी विचारलं की मला गाव आठवत नाही, ही दोघं आठवतात. एक लवकर कर म्हणणारी, दुसरा माझ्याशी न बोललेला. मी काम सुरू केलं आहे.