लीलाबाईचा दगड

पंजाबरावांच्या गाडीला हॅण्डब्रेक नव्हता. लीलाबाई होती.

गाडी जुनी, लहान, पांढरी. कापसाच्या दिवसांत मागच्या सीटवर पाच-सहा बाया कोंबून पंजाबराव त्यांना वेचणीला शेतावर न्यायचे. चढावर बैलबंडी थांबली की एकानं उतरून चाकामागं दगड लावायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. बंडी जाऊन गाडी आली तरी रीत तीच राहिली. शेताजवळच्या चढावर गाडी थांबायच्या आत दाराशी बसलेली लीलाबाई मांडीवरचा दगड घेऊन उडी मारायची आणि तो मागच्या चाकामागं सरकवायची. मग बाकीच्या उतरायच्या. दसऱ्याला गाडीची पूजा झाली की पंजाबराव त्या दगडालाही हळदकुंकू वाहायचे. मी गावची अंगणवाडीताई. ते पाहून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दगडाला कुंकू कसलं लावता, गाडीला ब्रेक लावा ना!

घाटंजीच्या नजीर मिस्त्रीनं माझ्यासमोर सांगितलं होतं, "पाटील, हॅण्डब्रेकची तार तुटली. मागच्या ब्रेकचे लायनर पार झिजले. पायाचा ब्रेकबी तीनदा दाबल्यावर लागते. आजच करून देतो."

"कापसाले भाव नाही बाप्पा," पंजाबराव म्हणाले. "अन् लीलाबाई आहे ना आमची!"

ही दोन हजार चारची गोष्ट. कापसाचे हाल होतेच, मी नाही म्हणत नाही. पण त्याच आठवड्यात गाडीला गाणं म्हणणारा हॉर्न बसला. त्याला बरा भाव सापडला!

कार्तिकातल्या एका सकाळी चढावरचं गवत दवानं ओलं होतं. दगड सरकला, गाडी मागं आली आणि लीलाबाईच्या उजव्या हाताची दोन बोटं चाकाखाली चिरडली. कापूस वेचणाऱ्या बाईची बोटं! आणि पारावरचे शहाणे काय म्हणाले? "तिनंच हात उशिरा काढला." ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

दोन-तीन दिवसांनी पंजाबराव तिच्या दारात गाणं वाजवत हजर. "लीलाबाई, तू आराम कर. दगड लावाले तुया सुनेले पाठव."

लीलाबाई बाहेर आली. डाव्या हातानं गाडीतला दगड उचलला आणि स्टिअरिंगशी बसलेल्या पंजाबरावांच्या मांडीवर ठेवला. "घ्या पाटील. आता तुमीच उतरा अन् तुमीच लावा. माई सून दगड धरत नाही."

गाडीतल्या बाकीच्या बायाही उतरून तिथंच रस्त्यावर बसल्या. शेतात कापूस फुटून लोंबत होता, आभाळ भरून येत होतं. दुपारी गाडी नजीरकडे गेली, संध्याकाळी ब्रेक होऊन परत आली. एवढंच काम होतं ते! एका दुपारचं! त्यापायी एका बाईची दोन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी लीलाबाई पुन्हा दारात आलेल्या गाडीपाशी येऊन उभी राहिली, तर पंजाबराव म्हणतात, "आता दगडाचं काम उरलं नाही, अन् तुले येचनं जमत नाही. तू कायले येतं?" असं बोलताना माणसाची जीभ कशी झडत नाही?

"बसाले नाही आली," लीलाबाई म्हणाली. "ब्रेक ओढा. आता पायाचा सोडा."

तिच्या घरापुढं उतारच आहे. तिनं मागून खांदा लावून गाडी ढकलून पाहिली. गाडी हलली नाही. मग ती सुनेला म्हणाली, "बस."

तो कापूस संपेस्तोवर रोज सकाळी हेच चाललं. हॉर्न कितीही गाऊ दे, लीलाबाईनं मान हलवल्याशिवाय एकही बाई गाडीत बसली नाही.