मास्तरीणबाईंचा शेरा

कोर्टामागच्या इमारतीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत दर बुधवारी बारा-चौदा पुरुष गोल करून बसत. बायकोला मारलं म्हणून न्यायाधीशांनी धाडलेले. सोळा बुधवार भरायचे आणि शेवटी समुपदेशक बाईंनी शेरा लिहायचा, याला घरी जाऊ द्यावं की नाही. त्या बाईंना सगळे मास्तरीणबाई म्हणत. आधी टोमणा म्हणून, मग सवयीनं.

बाईंचं काळीज मोठं. एकोणीस वर्षं त्यांनी तिथे काय काय ऐकलं! कुणी गुरगुरे, "आमच्या आज्यानं नाही का मारलं? आजी नव्वद वर्षं जगली!"

"जगली हो," बाई म्हणत. "बोलली कधी?"



त्यांची एक रीत होती. दहाव्या बुधवारी प्रत्येकानं मधल्या खुर्चीवर बसायचं आणि झाला प्रकार बायकोच्या तोंडून सांगायचा. भल्याभल्यांची बोबडी वळे. एक ट्रकवाला दोन वाक्यांतच उठला, "नाही जमत, बाई," म्हणून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मग त्यांच्यातला एक रंगारी बसला. त्यानं केसांची बट कानामागे सारली, मान खाली घातली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "अहो, तुमची पावलं जिन्यावर वाजली ना, की माझ्या हाताला कापरं भरतं. तुम्ही काही केलेलं नसतानाही."

दांडगे बाप्ये हुंदके देऊन रडले. बाईंच्याही डोळ्यांना धार लागली. सोळा बुधवार भरल्यावर त्यांनी शेरा लिहिला: 'पश्चात्ताप खरा आहे. घरी जाण्यास हरकत नाही.'

तीन आठवड्यांनी हॉस्पिटलातून फोन आला.

रंगाऱ्याची बायको खाटेवर पडून होती. हात प्लास्टरमध्ये, डाव्या कानानं ऐकू येईना. बाई उजव्या बाजूला जाऊन बसल्या.

"तो तिथं रडला का हो?" तिनं विचारलं.

"रडला. आम्हालाही रडवलं."

"छान रडतो. मारून झालं की माझ्याच मांडीवर डोकं ठेवून रडायचा. माझी नक्कल तर अशी करतो, की शेजारणी फसतात." तिनं बाईंकडे मान वळवली. "मला एकदा विचारायचं होतंत, बाई."

शेऱ्याच्या कागदावर बायकोला विचारायचा रकानाच नव्हता, आणि एकोणीस वर्षांत तो नाही हे त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

बाई न्यायाधीशांकडे गेल्या. "माझी चूक कागदावर घ्या."

"तुमचा हेतू चांगला होता, बाई."

"हेतू माझा होता, साहेब. हाड तिचं मोडलं."

साहेबांनी चूक कागदावर घेतली, नवा रकानाही छापून घेऊ म्हणाले. पण आधीच्या शेऱ्यांचं काय? 'हरकत नाही' असं लिहिलेले दोनशेच्या वर होते. बाईंनी कपाटातून ते सगळे काढले आणि पत्ते उतरवून घेतले.

पहिलं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. बाईंनी बेल दाबली. दार चार बोटं उघडलं. फटीतून एका बाईचा चेहरा दिसला. बाईंनी हळूच नाव सांगितलं, तशी तिला ओळख पटली. मग मान वळवून आत पाहिलं आणि आतल्याला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली,

"सगळं अगदी छान आहे हं, बाई!"

आणि डोळ्यांनी त्यांना 'जा' म्हणाली.